डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट

मल्हारगंजातल्या नट-बोल्टच्या दुकानातले ते म्हातारे मला एकदाच भेटले. राऊ गावात शेड उभारायची होती आणि ठेकेदाराने नमुन्याचा बोल्ट देऊन मला पाठवलं होतं. म्हाताऱ्यांनी बोल्टच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. ताकदीचा आकडा नव्हताच.

"भिया, हा फाटकाला ठीक आहे. छत पेलणाऱ्या लोखंडी कैचीसाठी मी नाही देणार. वर चढणार कोण?"

"मीच, बाबूजी."

"अन् हे आणायला पण तुलाच धाडलं? शरम नाही आली त्याला!" असं म्हणत त्यांनी ८.८ उमटवलेला बोल्ट माझ्या अंगठ्याखाली धरला.

आता चढण्याआधी मी प्रत्येक बोल्ट तसाच चाचपतो आणि मनात त्यांच्या पाया पडतो. आठवीत शाळा सोडून कामासाठी घरापासून इतक्या लांब आलेल्या मला तेव्हा त्या आकड्याचा अर्थ ठाऊक नव्हता. ठेकेदाराला होता.