तक्त्यातलं पहिलं गाव

सरकार शेतीवर नेमका किती खर्च करतं, हे मोजायची नोकरी मी सोलापुरात बरीच वर्षं केली. नोकरी सरकारी नव्हती. होटगी रस्त्यावरच्या एका खासगी संस्थेत होती. सरकारचा खर्च निरनिराळ्या खात्यांत विखुरलेला असतो. तो गोळा करायचा, त्यातला शेतीचा कोणता ते ठरवायचं आणि गावनिहाय तक्त्यात मांडून सरकारला द्यायचा, हे आमचं काम. बाजाराकडे जाणारा रस्ता शेतीचा की वाहतुकीचा, यावर आमच्याकडे एक अख्खा दिवस बैठक चालली. मासे आम्ही शेतीत घेतले. ते पकडायची होडी मात्र कुठेच बसेना, म्हणून ती सोडून दिली. अशी कामं केली की आपण फार काटेकोर माणूस आहोत असं वाटायला लागतं. मला तर ते मनापासून वाटत होतं.

एका वर्षी आमच्या तक्त्यातली सगळ्यात मोठी रक्कम एका पुलाची होती. जिल्ह्याच्या नैऋत्येला, कोरड्या भागात, मेंढपाळांचं एक गाव आहे. त्याच्या शिवारात खोल ओढा आहे आणि ओढ्यावरून कालव्याचं पाणी पलीकडे नेणारा उंच पूल. तो जुना झाल्यामुळे नव्याने बांधला होता. हा खर्च कोणत्या गावाच्या नावावर लिहायचा? दोन रीती होत्या. जिथे बांधकाम झालं त्या गावाच्या नावावर, नाहीतर ज्यांच्या रानात पाणी पोचतं त्या गावांच्या नावावर. आमच्या कामाच्या पुस्तकात दोन्ही मान्य आहेत.

मी दोन्ही रीतींनी तक्ता करून पाहिला. पहिल्या रीतीने ते मेंढपाळांचं गाव सगळ्यांत वर आलं. दुसऱ्या रीतीने वर आलं ते माझं गाव. कालव्याच्या शेवटाकडे, उसाच्या पट्ट्यात आमचं गाव आहे. थोरला भाऊ तिथे शेती बघतो. माझं कॉलेज, लग्न, सोलापुरातला फ्लॅट, सगळं त्याच पाण्यावर झालं. आणि ज्या गावावर आधीच जास्त खर्च झालाय त्याला पुढच्या कामांत शेवटचा नंबर, असा नियम येणार आहे हे मला ठाऊक होतं.

दुसरा तक्ता मी पुसून टाकला. कारणही लिहून ठेवलं : पाण्याच्या वाटपाची गावनिहाय माहिती पुरेशी विश्वासार्ह नाही. हे वाक्य खोटं नव्हतं. त्यामुळेच त्याची अजून लाज वाटते. आमच्या साहेबांना ते फार आवडलं. स्वच्छ रीत आहे, म्हणाले.

दिवाळीनंतर साहेबांनी मलाच त्या पहिल्या गावात पाठवलं. एवढा खर्च झाल्यावर गाव कसं बदललं, यावर अहवालात पानभर मजकूर आणि एक फोटो हवा होता. पुलाच्या खांबांपाशी मेंढरं बसलेली होती. त्यांच्याजवळ साठीच्या एक बाई लोकर कातत होत्या. ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत, असं वाटेत कळलं होतं. मी त्यांना मावशी म्हटलं आणि कागदावरचा पहिला प्रश्न विचारला : सरकारी खर्चाचा शेतीला काय फायदा झाला?

त्यांनी चातीवरची नजर न काढता हनुवटी वर केली. "पानी वरनं जातंय की."

"मग तुम्हाला काय मिळतं?"

"आवाज येतो. लई गार आवाज हाय."

मी हे लिहून घेतलं. लिहून का घेतलं, कोण जाणे. मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. गावाने जनावरांच्या दवाखान्यासाठी अर्ज केला होता. पावसाळ्याआधी मेंढरांना लस टोचावी लागते, आणि त्यासाठी कळप एक अख्खा दिवस चालवत न्यावा लागे. गाभण मेंढ्या वाटेत बसून घेत. तालुक्यातून तो अर्ज परत आला, कारण आमच्या तक्त्यावरून निघालेल्या यादीत त्यांचं गाव पहिलं होतं.

"तुमाला आदीच लई दिलंय म्हनले," मावशी म्हणाल्या. "काय दिलंय तेवढं सांगा, दादा. आमी हुडकतो."

तिथे बसलेले दोघे-तिघे हसले. मीही हसलो. चहा प्यायलो, त्यात मेंढीचं दूध होतं. फोटो काढला आणि निघालो. ती यादी माझ्या हातची आहे, हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं.

ते वाक्य साहेबांपुढे म्हणायला मला होळी उजाडली. मी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या गावासकट. ते रागावले नाहीत.

"अहो, ही चूक नाही, रीत आहे," ते म्हणाले. "पूल त्यांच्याच गावात आहे ना? मग?"

मी म्हणालो, दुसऱ्या रीतीचा तक्ताही पुन्हा करून पाठवू या. त्यांनी विचारलं, मग पहिलं कोण येणार? मी माझ्या गावाचं नाव सांगितलं.  साहेब म्हणाले, मग सोबतच्या पत्रावर तुम्हीच सही करा. मी केली. ते धाडसाचं काम आहे असं मला चार दिवस वाटत होतं.

पत्र गेलं, फिरलं, पावसाळाभर कुठेतरी थांबलं. अखेर यादी बदलली. काही दिवसांनी भावाचा फोन आला. आमच्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्याला नवी इमारत मिळणार होती, ती थांबली होती.

"आपलं गाव पयलं आलंय म्हनं," अण्णा म्हणाला. "तू त्यातलाच हाईस. कुनी घोळ घातलाय बघ की जरा."

मी म्हणालो, बघतो. अजून बघतोच आहे. अण्णा रोजच्या पेपरापलीकडे काही वाचत नाही, या भरवशावर हे लिहितो आहे.

मेंढपाळांच्या गावात पुढच्या उन्हाळ्यात दवाखाना सुरू झाला. खोली एक, डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस. मी मुद्दाम लसीच्या दिवशी गेलो. मावशी रांगेत होत्या. त्यांना बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं : ती यादी मी केली होती, का केली होती, आणि पाणी ज्या गावाला जातं ते माझं आहे. बराच वेळ बोललो असेन. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"आमचा च्या पिऊन गेला तवा ठावं होतं का तुमाला?" एवढंच विचारलं.

मी हो म्हणालो.

"मधल्या पावसाळ्यात माजी नऊ कोकरं गेली," त्या म्हणाल्या. "ती कशात धरली तुमी?"

 मेलेल्या कोकरांना आमच्या तक्त्यात रकाना नाही, हे उत्तर खरं होतं. पण असली खरी वाक्यं मी पुष्कळ लिहिली होती.  त्या शिव्या देतील, निदान तोंड फिरवतील, असं वाटत होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात त्यांच्या कळपाचा नंबर आला. त्यांनी एक मेंढी पुढे ढकलली. "आलाय तर धरा," म्हणाल्या.

मी धरली. म्हणजे मिठी मारली. मेंढीने माझ्या नडगीवर लाथ घातली आणि डॉक्टर ओरडले, नीट धरता येत नसेल तर बाजूला व्हा.

"ऱ्हाऊ द्या, डाक्टर," मावशी म्हणाल्या. "सरकारी मानूस हाय. शिकंल."

मी सरकारी नाही, खासगी संस्थेतला आहे, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण बोलायला लागलो असतो तर मेंढी सुटली असती. मी तिला घट्ट धरलं, आणि मावशींनी दुसरी पुढे ढकलली.