बाभळीचा काटा

युद्धाच्या दिवसांत लोणावळ्याच्या बाजारात ग्रामोफोन दुरुस्त करणारे एक चाचा होते. मायदेशी निघालेल्या कुणा साहेबाने त्यांना ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दुःखाच्या गाण्यांचा, आल्बम दिला होता, सहा तबकड्या आणि सहा निरनिराळे गायक. नव्या सुया मिळेनात, तेव्हा चाचा तळेगावाकडून बाभळीचे काटे आणत आणि दर गाण्याला नवा काटा घासून लावत.

एकदा मी दुकानात असताना त्यांचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक असलेला बंगलेवाला ती गाणी ऐकून म्हणाला, "चाचा, हे गातायत की कण्हतायत? काटा काढा, माझी जुनी पोलादी सुई लावा, नाहीतर पुन्हा येणार नाही."

"नका येऊ, साहेब," चाचा हसले. "झिजलेली सुई यांचा गळा कापंल. लय लांबून आलेत बिचारे."

मी दहा काटे मागून घेतले. मुलांनो, आमच्या घरच्या ग्रामोफोनवर जुनीच सुई चालू होती.