अर्थिंगची वायर
ॲम्प्लिफायरची घरघर ऐकली की आजही माझी बोटं आखडतात. भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये, लेथच्या तेलाच्या वासात, सुट्टीच्या दिवशी मी बेस गिटार वाजवायचो आणि माझा इलेक्ट्रिशियन मित्र ड्रम. त्या दिवशी ॲम्पची घरघर थांबेना, म्हणून कंपनीत अर्थिंगवरून सगळ्यांना झापणाऱ्या त्यानेच प्लगमधली अर्थिंगची वायर सोडवली. "बघ भावा, गेली घरघर!" मी तारा दाबून गायला वाकलो आणि माईकला ओठ टेकताच झटका बसला. मूठ तारांवरून सुटेना, घशातून आवाज फुटेना. माझं थरथरणं बघून त्याला वाटलं, मी रंगात आलोय. "वाजव राव, वाजव!" म्हणत त्याने ठेका वाढवला. तोल जाऊन मी पडलो, प्लग उपटला गेला, म्हणून वाचलो. आजही नवीन वाजवणारे भेटले की बेस कुठल्या कंपनीचा, तारा कुठल्या, ते विचारतात. मी आधी त्यांचा प्लग उघडून बघतो.