सुमनच्या घरात दोघी राहत होत्या

सुमन गेल्याचा फोन हंसानंच केला. "शालन, सुमन गेली गं..." एवढंच बोलली. मिळेल त्या एसटीनं मी साताऱ्याला पोचले तेव्हा घर माणसांनी भरून गेलं होतं. सुमनच्या भावाची मुलं, सुना, नातवंडं. हयातीत ज्यांनी तिच्या घरचं पाणी घेतलं नाही, ते सगळे बैठकीच्या खोलीत ऐसपैस बसलेले. आणि हंसा? ती बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. थोरला पुतण्या तिला म्हणाला होता, "मावशी, घरच्या मानसांना जरा बसू द्या." शेवटची अंघोळही सुनांनीच उरकली. आजारपणात जिनं सुमनचं सगळं केलं, तिला एक तांब्या पाणी घालायला कुणी हाक मारली नाही. चौकात फ्लेक्स लागला होता: 'आजन्म अविवाहित राहून शिक्षणाला वाहून घेतलेल्या आदर्श शिक्षिका'. माणसाला आधी रडू येतं म्हणतात, मला आधी किळस आली. ती अजून उतरलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सुमन आणि मी पलूसकडच्या एका गावात मुलींच्या शाळेत शिकवत होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, नाव घ्यावं अशी तिची लायकी नाही. मी मराठी शिकवायची, सुमन ड्रिलची बाई. उंच, काटक, शिट्टी वाजवली की अख्खं मैदान गप्प. बहात्तरच्या दुष्काळात आम्हा शिक्षकांना खडीच्या कामावर सुकडी वाटायला पाठवत. तिथं एका मजूर बाईला अचानक कळा सुरू झाल्या. सुमननं साडी आडवी धरून आडोसा केला आणि तोंड फिरवून उभी राहिली. आरोग्य केंद्रातली नवी नर्स बाळंतिणीपाशी बसली होती. ती ओरडली, "ओ ड्रिलच्या बाई, तोंड काय फिरवताय? साडी द्या दुसरीकडं आन् पाय धरा हिचं!" साडी माझ्या हातात आली, सुमन खाली बसली, आणि खडीच्या ढिगामागं एक मुलगी जन्मली. ती नर्स म्हणजे हंसा. कोयनानगरची. भूकंपात घर पडलं, आईवडील त्याखाली गेले. त्यामुळं तिला कशाचीच भीती उरली नव्हती, असं सुमन म्हणायची.

काही महिन्यांतच दोघींनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सुमननं हंसाला उसाच्या पाणंदीत सायकल शिकवली. पडली की दोघी हसत सुटायच्या आणि बांधावरची माणसं काम सोडून बघत राहायची. त्या दोघी एकमेकींच्या होत्या. नवरा-बायको असतात तशा, किंवा माझ्या पाहण्यातल्या बहुतेक नवरा-बायकोंपेक्षा पुष्कळ बऱ्या. सुमननं माझ्यापासून हे कधी लपवून ठेवलं नाही, आणि मला त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही. माझ्या लग्नात आहेर करताना तिनं हंसाला पुढं ओढलं आणि म्हणाली, "जोडीनं द्यावा लागतोय गं."

बिघडलं ते वेगळ्याच कारणानं. शाळा समितीच्या अध्यक्षांनी आपल्या बिजवर पुतण्यासाठी सुमनला मागणी घातली आणि सुमननं "न्हाई" म्हटलं. कारण सांगितलं नाही, नुसतं नाही. तोपर्यंत दोघी एकत्र राहतात यात गावाला काही खुपत नव्हतं, उलट 'बायामानसाला सोबत बरी' म्हणत होते. पण अध्यक्षांच्या घरचा नकार म्हणजे गावाचा अपमान! मग 'चारित्र्याची चौकशी' बसली. घरमालकिणीला बोलावून खाटा किती, दार आतून लावतात का, असं विचारलं. मलाही बोलावलं. पान चघळत बसलेले ते बाप्ये, त्यांच्या डोळ्यांतली ती ओली उत्सुकता... वरून चारित्र्य, आतून नुसती लाळ. मी सांगितलं, "तुम्ही जे विचारताय ते माझ्या तोंडून ऐकायचं असेल तर आधी तुमच्या बायकांना इथं आणून बसवा." त्यांनी मला बाहेर काढलं. मग सुमनला आत घेतलं. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

"झोपता कुठं तुमी दोघी?"

"एका खोलीत, एका गादीवर. तुमच्या घरात कोण कुठं झोपतं, मी विचारायला आले होते का कधी?"

त्या आठवड्यात तिची नोकरी गेली. तेवढ्यानं भागलं नाही. अध्यक्षांचा माणूस शिराळ्याकडं तिच्या भावाकडं जाऊन आला, आणि आई आजारी आहे असं सांगून भाऊ तिला घेऊन गेला. आई ठणठणीत होती. बाहेरचं लागलंय म्हणून तिला खोलीत कोंडून मिरच्यांची धुरी द्यायला सुरुवात झाली होती. नवरदेवही ठरला होता. भावाच्या गावातल्या एका कासाराच्या बायकोनं हे हंसाला येऊन सांगितलं.

हंसा रडली नाही. तिनं पांढरा गणवेश चढवला, लस टोचायची पेटी घेतली आणि मला म्हणाली, "चल. तू नुस्ती माझ्या मागं हुबी ऱ्हा." भावाच्या घरासमोर ओट्यावर पाचपन्नास माणसं जमलेली. देवरुषी आलेला. भाऊ आडवा झाला. "तू कशाला आलीस? तुज्याचपायी समदं झालंय."

हंसा चढ्या आवाजात म्हणाली, "आवं दादा, मी माझ्या कामाला आले न्हाई, सरकारी कामाला आलेय. आमच्याकडं एका पोरीची देवीच्या रोगाची संशयित केस घावलीय. त्या पोरीला ह्या बाईंनी कडेवर घेतलं हुतं. हिला येगळं ठेवायला न्यायचंय. आन् गेल्या चार दिसांत हिला कुणी कुणी शिवलं, ती नावं सांगा."

देवी! नागपंचमीला जिवंत नागाला हात लावणारी ती माणसं त्या एका शब्दासरशी ओट्यावरून खाली उतरली. देवरुषी सगळ्यात आधी. भाऊ म्हणाला, "आमी न्हाई शिवलो, बाहेरूनच भाकर देत हुतो." सख्ख्या बहिणीबद्दल! त्यानं कडी काढली आणि स्वतः लांब जाऊन उभा राहिला. सुमन बाहेर आली तेव्हा डोळे सुजून मिटलेले होते, खोकल्यानं उभं राहता येत नव्हतं. हंसानं तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि अख्ख्या गावादेखत तिला रस्त्यानं घेऊन गेली. कुणी आडवं आलं नाही. घाट उतरताना, एसटीत मागच्या बाकावर, सुमन घोगऱ्या आवाजात म्हणाली, "खरंच निघालीय का गं केस?" हंसा म्हणाली, "कशाची निघतीया!" आणि मग त्या दोघी अशा काही हसल्या की कंडक्टर मागं वळून बघत राहिला... मी मात्र खिडकीशी रडत होते.

पुढं हंसानं बदली मागून घेतली आणि दोघी साताऱ्यात आल्या. सुमनला एका शाळेत काम मिळालं, तिच्या मुली खो-खोत जिंकत राहिल्या. आज मोठ्या शहरांत रंगीत झेंडे घेऊन मोर्चे निघतात. छान वाटतं. या चळवळीचा इतिहास लिहिणारे सुरुवातही शहरापासूनच करतात. मला तो शिराळ्याकडचा ओटा आठवतो. तिथं ना झेंडा होता ना घोषणा, लशीची पेटी घेतलेली एक नर्स होती. असं प्रेम गुन्हा नाही, असा न्यायालयाचा निकाल आला त्या दिवशी मी सुमनला फोन केला. ती म्हणाली, "आता परवानगी दिली व्हय त्यांनी? बरं झालं आमी थांबलो न्हाई."

तेराव्याला त्या अध्यक्षांचा मुलगा हार घेऊन आला आणि 'बाईंच्या त्यागा'वर बोलला. ज्या घरानं तिला चुलीतल्या राखेसारखं बाहेर टाकलं, त्याच घरचा. जेवणावळ उठल्यावर पुतण्या हंसाजवळ आला आणि फार मायेनं म्हणाला, "मावशी, आता तुमी कुटं जानार? म्हंजे घराचं बघाय पायजे आमाला."

हंसानं पदरानं तोंड पुसलं. "घर माझ्या नावावर हाय बाळा. पहिल्यापासनं. तुमी कवा निघताय?"

संध्याकाळपर्यंत सगळे गेले. जाताना फोटोला हात जोडायचं मात्र विसरले नाहीत.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. पावसाळ्यात भिंतींना ओल आली म्हणून हंसानं रंगारी लावला होता. खिडकीजवळच्या भिंतीला सुमन रोज सकाळी टेकून पेपर वाचायची, डोक्याला तेल चोपडलेलं. तिथं भिंतीवर तिच्या डोक्याएवढा काळपट, तेलकट गोल उमटला आहे. सगळी भिंत फिकट निळी झालेली आणि मधोमध तो गोल तसाच. रंगारी ब्रश हातात घेऊन खोळंबला होता. "आजी, एवढंच ऱ्हायलंय. लय घाण दिसतंय ते."

"दिसू दे," हंसा म्हणाली. "तेवढं सोडून मार."