काकवीच्या रंगाची काठी

हेमंतच्या बायकोचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये तिसऱ्या मजल्यावर गाडी लावत होते. शेजारच्या सीटवर नारळीभाताचा डबा होता. नारळी पौर्णिमा आदल्या दिवशी झाली होती आणि मी हेमंतची माफी मागायला निघाले होते. एकोणीस वर्षांत मी त्याची कशाबद्दलही माफी मागितली नव्हती. तशी वेळच कधी आली नाही, कारण चूक नेहमी त्याचीच असायची. "शुभा, कुठे आहेस?" वैशालीने विचारलं. "इथेच, पार्किंगला." "मग ये सावकाश. आता घाई नाही…" एवढंच. आयुष्यात एकही गोष्ट वेळेवर न केलेल्या या माणसाने मरण्याचं काम तेवढं अर्धा तास आधी उरकून घेतलं, आणि मी डबा हातात घेऊन लिफ्टसमोर उभी राहिले.

माफी मागायची होती ती मासे धरायच्या एका काठीवरून.

हेमंतने आणि मी सिडनीत, वेस्टमीडला एकाच लॅबमध्ये, शेजारशेजारच्या बेंचवर काम केलं. तो पुण्याचा, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. मी देवगडच्या खाडीवरची, माझ्या बाबांची होडी होती. मी डब्यातला बांगडा उघडला की हेमंत खुर्ची हातभर मागे घ्यायचा, पण उठून मात्र जायचा नाही, कारण बोलायला त्याला दुसरं कोणी नव्हतं. मलाही नव्हतं, पण ते मी त्याला कधी कळू दिलं नाही. निवड करणं हा त्याचा छंद होता, आजार म्हटलं तरी चालेल. गाडी घ्यायला त्याने चौदा महिने लावले आणि शेवटी शेजाऱ्याने घेतली तीच घेतली. पेंडल हिलच्या दुकानात तूरडाळीच्या दोन पाकिटांसमोर तो असा उभा राहायचा की वैशाली तेवढ्यात बाकीचं सगळं सामान घेऊन, पैसे देऊन, गाडीत जाऊन बसायची.

गेल्या वर्षी जुलैत त्याच्या पोटात जे निघालं त्याबद्दल डॉक्टर म्हणाले, वर्षभर, फार तर. हे ऐकल्यावर माणूस काय करतो? आईवडिलांच्या गावी जाऊन येतो, भांडणं मिटवतो, निदान रडतो तरी. हेमंत पुढच्या सोमवारी एक प्रिंटआउट घेऊन लॅबमध्ये आला. लहान स्ट्राइप्ड बाससाठी फायबरग्लासची फ्लाय रॉड कोणती निवडावी, याचा तो अभ्यास होता. बास हा मासा. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, आत गळ. ती पाण्यावर नेऊन टाकायची म्हणून ती खास काठी. मी त्याच दिवशी तिचं नाव 'माशा मारायची काठी' ठेवलं. "पकडलेला मासा सोडून द्यायचा असतो," त्याने मला समजावलं. सोडून द्यायचा! आमच्याकडे मासा पकडून पुन्हा पाण्यात टाकला असता तर गावाने बाबांना भगताकडे नेलं असतं. माशाच्या जिभेत गळ रुतवायचा, त्याला दमवायचं, त्याचा फोटो काढायचा आणि मग 'जा बाबा, मी अहिंसक आहे' म्हणायचं… असला उद्योग पोट भरलेल्या माणसालाच सुचतो.

पुढचे आठ महिने जेवणाच्या सुट्टीत मी हेच ऐकलं. कार्बनची काठी ताठ असते, लांब फेकते, पण लहान मासा लागला तर तिला पत्ताच लागत नाही. फायबरग्लासची, म्हणजे काचेच्या धाग्यांची, मऊ, संथ. ती पार मुठीपर्यंत वाकते. "म्हणजे वीतभर माशाचीसुद्धा ओढ हाताला कळते, शुभा." मग सहा नंबरची की सात नंबरची, साडेसात फूट की आठ, दोन तुकड्यांची की चार. केमोच्या खुर्चीत सुई टोचलेल्या हाताने तो अमेरिकेतल्या कुठल्या कुठल्या निवृत्त म्हाताऱ्यांना प्रश्न विचारायचा, आणि ते बिनकामाचे लोक चार चार पानी उत्तरं द्यायचे. माझे बाबा बांबूची काठी तोडायचे, तिला दोरी बांधायचे, संध्याकाळी चुलीवर कालवण असायचं. हे मी त्याला सांगितलं. त्याने बांबूचीही माहिती काढली.

मार्चमध्ये तो शेवटी एका दुकानात काठी हातात घेऊन बघायला गेला. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसला. "मेट, राँग हेमिस्फिअर! स्ट्रायपर इथे नसतोच!" तो मासा अमेरिकेचा. ऑस्ट्रेलियाच्या नद्यांतला बास वेगळा, त्याला पट्टे नाहीत, आकारानेही लहान. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो भट माझ्याच बेंचवर बसतो हे तेव्हा कळलं. मी चिडले, खरंच चिडले. बारातले आठ महिने एका नसलेल्या माशावर घालवले होते त्याने. आणि हा माणूस खुशीत! "म्हणजे आता पहिल्यापासून बघावं लागणार," तो हात चोळत म्हणाला. "मासा लहान, म्हणजे काठी आणखी हलकी."

काठी आली मेच्या दुसऱ्या आठवड्यात. काकवीच्या रंगाची, उजेडात धरली की आरपार थोडी चमकणारी, बुचाची मूठ असलेली. काठी सुंदर होती हे मला मान्य करावं लागतं, आणि तेवढ्यासाठी मी अजून त्याच्यावर रागावलेली आहे. तिच्यासोबत त्याने मासेमारीचा परवाना काढला, तोही तीन वर्षांचा. मी त्या कार्डावरची तारीख वाचली. ते एकदाच मी तोंड आवरलं. आणि मग कळलं की मे ते ऑगस्ट हे चार महिने नदीत बास धरायला बंदी असते.

त्या चार महिन्यांत त्याने काय केलं? घराशेजारच्या क्रिकेटच्या मैदानावर, दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधून गवतावर फेकायची प्रॅक्टिस केली. टोपीखाली केस नाहीत, पँट कमरेवर राहत नाही, आणि हे ध्यान कोरड्या मैदानात मासे धरतंय. कुत्रा फिरवणारे थांबून बघायचे. एकाने विचारलं, "कॉट एनिथिंग, मेट?" हेमंत म्हणाला, "नॉट येट," आणि तेही अगदी मनापासून.

जूनमध्ये एका रविवारी मी त्याला गाडीत घातलं आणि नेपियन नदीवर घेऊन गेले. काठी मीच डिकीत टाकली होती. काठावर चिटपाखरू नव्हतं. मी घडीची खुर्ची मांडली, त्याच्या खांद्यावर शाल टाकली आणि म्हटलं, "घे. टाक एकदा पाण्यात."

"सीझन बंद आहे."

"कोण बघतंय हेमंत? आणि बघितलं तर काय करतील, तुला फाशी देतील?"

तो हसला, पण काठीच्या पिशवीची नाडीसुद्धा त्याने सोडली नाही. पाण्याकडे बघत बसला. मी पंधरा मिनिटं विनवण्या केल्या. मला तो मासा हवा होता, त्याच्यापेक्षा जास्त मला हवा होता. सप्टेंबर येणार होता, पण सप्टेंबरमध्ये हेमंत नसणार होता, हे त्याच्या मनगटाकडे बघून कोणालाही कळलं असतं. शेवटी माझा तोल गेला. मी म्हटलं, "तू कारकून आहेस. मरतानासुद्धा फॉर्म भरून, तारीख बघून मरशील."

त्याने शाल सारखी केली आणि म्हणाला, "मासे आता इथे नाहीतच, शुभा. खाली खाऱ्या पाण्याकडे जातात. पोटात अंडी असतात. जाऊ दे ना त्यांना." आणि जरा वेळाने, जणू मीच आजारी होते अशा सुरात, "सप्टेंबरला येऊ. पहिला मासा सोडायचा नाही. पहिला तुझा. तळून खा." मला वाटलं, भित्रा माणूस, सबबी सांगतोय. परतीच्या वाटेवर मी रेडिओ लावून ठेवला. नंतर दोन महिने मी त्याला भेटत राहिले, डबे पोचवत राहिले, पण त्या दिवसाबद्दल आम्ही बोललो नाही.

नारळी पौर्णिमेला देवगडहून माझ्या भावाचा, बाळाचा, व्हिडिओ कॉल आला. मागे ढोल, गर्दी, जेटीवर शाकारलेल्या होड्या. "बघ गो ताय, नारळ सोडलो. उद्या होड्यो पाण्यात!" तो ओरडत होता आणि मी सिडनीतल्या स्वयंपाकघरात नारळ खवत होते. खवता खवता माझा हात थांबला. मी सात-आठ वर्षांची असेन. पावसाळ्याचे दिवस, होडी शेडमध्ये पालथी, घरात सुकट संपत आलेली. मी बाबांना म्हटलं होतं, खाडीत तरी जा, कोण बघतंय? हेच शब्द. बाबा जाळं विणत होते, त्यांनी मान वर केली नाही. "आता मासळी पोटुशी आसा. पोटुशीक कोण मारता?"

आमच्या घरात हा कायदा कोणी लिहिलेला नव्हता. सरकारला घाबरून बाबा उपाशी राहिले नव्हते. खाडीवर वाढलेली मी, मासे कसे धरायचे यावर एका भटाला वर्षभर हिणवत होते, आणि बाबांनी पाळलेलं तो पाळत होता. तेही बाबांसारखं नाही, पुढची पौर्णिमा आपल्याला दिसणार नाही हे पक्कं ठाऊक असताना. मी त्याला कारकून म्हटलं होतं. सकाळी भाताचा डबा भरला आणि निघाले. पुढचं सांगितलंच आहे. वरातीमागून घोडं.

शोकसभेबद्दल लिहू नये असं वैशाली म्हणते, पण लिहिते. तो निसर्गाशी एकरूप झाला होता, असं ज्यांनी भाषणात सांगितलं त्यांना तो ऑफिसच्या कुंडीलाही पाणी घालत नसे हे माहीत नसावं. चार-चार कार्बनच्या काठ्या बाळगणारे एक गृहस्थ समोशाची बशी हातात घेऊन मला बाजूला नेऊन विचारत होते, वहिनी ती ग्लास रॉड विकणार आहेत का? मी म्हटलं, "ती माझी आहे." ती तेव्हा माझी नव्हती. वैशालीने ते मागून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी काठी आणून दिली.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी त्याच जागी गेलो. मीही परवाना काढला, एका वर्षाचा. तीन वर्षांचा आशावाद मला झेपत नाही. वैशालीने एक नारळ नदीत सोडला, तो दहा हातांवर एका ओंडक्याला अडकून तिथेच डुलत राहिला. मी काठी जोडली. पहिल्यांदा दोरी झाडात, दुसऱ्यांदा माझ्या टोपीत, पुढच्या तासभराबद्दल न बोललेलं बरं. मग केव्हातरी काठी वाकली. मुठीपर्यंत वाकली, कोपरापर्यंत जाणवलं. मला वाटलं काय मोठं धूड लागलंय. निघाला वीतभर मासा, हिरवट पाठीचा, बिनपट्ट्यांचा.

मागे वैशालीने एस्कीचं, बर्फाच्या पेटीचं, झाकण उघडलं. आत बर्फ होता. जिने जन्मात मासळीला हात लावला नाही तिने सकाळी उठून बर्फ भरला होता. "त्याने सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "पहिला शुभाचा."

मी मासा हातात धरून उभी राहिले. त्याचे कल्ले उघडत-मिटत होते. मग वाकून पाण्यात हात घातला आणि तो सोडून दिला. खाली जाऊन परत आलेला की इथेच थांबलेला, कोण जाणे. मला खूप रडू आलं आणि हेमंतचा भयंकर राग आला. घरी येऊन फ्रीझरमधला बांगडा तळला.

काठी आता माझ्या लाँड्रीत, वॉशिंग मशीनच्या मागे उभी आहे. मुठीच्या बुचावर अंगठ्याच्या जागी एक काळसर डाग आहे, मैदानावरच्या प्रॅक्टिसचा. माझा अंगठा तिथवर पोचत नाही. मी तो डाग पुसलेला नाही. एप्रिलपर्यंत मी जाईन अधूनमधून. मे उजाडला की काठी सोडवून, कोरडी पुसून, पिशवीत घालून नाडी बांधून ठेवीन. तारीख बघून. कारकुनासारखी.