बोलता येईल इतक्या चालीनं

फोन वाजला तेव्हा मी सेमिनरी हिल्सच्या चढावर धावत होतो. धावत, म्हणजे पन्नाशी ओलांडलेला माणूस जेवढं धावू शकतो तेवढं. फोन भाचीचा होता, मनीषाचा. मी तो कानाला लावला खरा, पण तोंडातून शब्दच फुटेना, नुसती धाप. "मामा, तुम्ही पळून राहिले का?" ती म्हणाली. "आधी थांबा. श्वास बसू द्या. मग सांगते." मी कडेच्या सागाला हात लावून उभा राहिलो आणि ती पलीकडून माझा श्वास ऐकत थांबली… तिचे वडील पहाटे झोपेतच गेले होते. ही बातमी माझ्यापर्यंत यायला माझीच धाप आडवी आली.

तिचे वडील म्हणजे माझे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे काटोलकडचे, संत्र्याच्या बागेत वाढलेले. नोकरी मात्र सगळी नागपुरात, विजेच्या ऑफिसात, टेबलामागे बसून. ताई गेली आणि त्याच वर्षी माझी शुगर वर गेली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भाऊजी आमच्या गिट्टीखदानच्या घराच्या फाटकाशी हजर. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगात ऑफिसचाच पूर्ण बाह्यांचा शर्ट. "चला साळेसाहेब," म्हणाले, "तुमची साखर विरघळवू."

चालण्याचा वेग मोजायची त्यांची पद्धत अजब होती. घड्याळ नाही, मोबाइल नाही. ते गाऊन पाहायचे. एका भजनाची एकच ओळ, तीही बेसूर, भर रस्त्यात, मोठ्यानं. ओळ अख्खी म्हणता आली तर ही नुसती हवाखोरी, पाय उचला. गाणं मध्येच तुटतं पण गप्पा मारता येतात, तर चाल बरोबर, मध्यम. आणि दोन शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागला, तर तो जोराचा व्यायाम. पुढे डॉक्टरांनीही मला जवळपास हेच सांगितलं, तेव्हा मी चकित झालो. भाऊजींना हे कुणी सांगितलं होतं, की त्यांनी स्वतःच हुडकलं होतं? विचारायचं राहून गेलं. रोज भेटणारा एक गृहस्थ त्यांना म्हणायचा, "काका, रेडिओ बंद करा ना गा, कुत्रे भोकून राहिले." भाऊजी त्याला म्हणायचे, "भोकत नाही, साथ देऊन राहिले."

आमचं भांडण वेगानं चालण्यावरून होतं. मला रोजच जोरात जायचं असायचं. डॉक्टरांकडून मी एक हिशेब उचलला होता: जोराचं एक मिनिट साधारण मध्यमच्या दोन मिनिटांइतकं. मी तो भाऊजींच्या तोंडावर टाकायचो. "म्हणजे मी अर्ध्या वेळात मोकळा!"

"अन् मोकळा होऊन करतो काय?" ते विचारायचे.

जोराला त्यांचा विरोध नव्हता. आठवड्यातल्या दोन सकाळी ते स्वतः चढ जोरात चढायचे, आणि माझ्याहून बरेच मोठे असूनही शेवटच्या वळणावर मला मागे टाकायचे. पण लागोपाठ दोन दिवस कधी नाही. बाकीचे दिवस सपाट रस्ता आणि गप्पांची चाल. एकदा मी चिडून कारण विचारलं, तर बोलणं पार बागेत घेऊन गेले. "आमच्या इकडे बहाराच्या आधी संत्र्याच्या झाडाले ताण देतात. पाणी तोडतात. पानं मलूल होऊ देतात. तेव्हा कुठी ते फुलते. पण मग पाणी सोडा लागते गा. बारा महिने ताणच दिला, तर झाडाचं सरपण होते."

मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावत सुटलो.

माझ्या त्या धावण्याचा शुगरशी काही संबंध नव्हता. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सपाट रस्त्यावर, मध्यम चालीत, गप्पा छान रंगात आल्या की भाऊजी मध्येच थोडे थांबायचे आणि म्हणायचे, "त्या गुरुवारी ना गा…" एवढंच. पुढचं वाक्य मी त्यांना कधी पुरं करू दिलं नाही. लगेच म्हणायचो, "चला भाऊजी, आता जोरात," आणि सुटायचो. जोरात पळणाऱ्या माणसाला ऐकता येतं, पण उत्तर देता येत नाही. आणि ज्याला उत्तर देता येत नाही, त्याला कुणी काही विचारत नाही. डॉक्टरांचा तो हिशेब मला यासाठी हवा होता.

तो गुरुवार ताईचा शेवटचा. शुक्रवारी सकाळी ती गेली. आमची आई लवकर वारली. मला ताईनंच वाढवलं. ती दवाखान्यात होती तेव्हा मी मोजक्या वेळा गेलो. त्यातल्या एका भेटीत तिनं माझा हात धरून विचारलं होतं, "मी बरी होईन ना गा?" मी खिडकीबाहेर पाहिलं आणि डबा धुवायच्या निमित्तानं उठलो. त्या गुरुवारी संध्याकाळी भाऊजींचा फोन आला, तुझी आठवण काढून राहिली, ये. मी गेलो. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. समोरच्या टपरीवर चहा घेतला, संपवला, आणि स्कूटर वळवून घरी आलो. भाऊजींना कळवलं, ऑफिसात अडकलो, उद्या येतो. ती पुन्हा तेच विचारेल, याची मला भीती वाटली. कारण एवढंच होतं.

त्यामुळे "त्या गुरुवारी" म्हटलं की पुढे मला माझाच जाब दिसायचा. शेवटच्या भेटीतही तेच झालं. ते जाण्याच्या आदल्या सकाळी सपाट रस्त्यावर त्यांनी तेवढेच शब्द उच्चारले. मी म्हणालो, "आज जोराचा दिवस आहे भाऊजी." तो नव्हता. जोर आदल्या दिवशीच झाला होता. त्यांनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "जा, पळ," म्हणाले. "मी खालीच आहो."

तेरवी झाली, पाहुणे गेले. मनीषा घराची आवराआवर करायला मागे राहिली. एका सकाळी फाटक वाजलं. पाहतो तर ती, बापाच्या वेळेला. "मामा, चला. बूट मापाचे नाहीत म्हणून, नाही तर बाबांचेच घातले असते."

आम्ही निघालो. थोड्या वेळानं तिनं पाय न थांबवता गळा साफ केला आणि बापाचीच ती ओळ म्हणू लागली. ओळ अर्ध्यात तुटली. "चाल बरोबर आहे," ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो. मग माझ्याच्यानं राहवेना. इतकी वर्षं जे वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही, त्याच्या पुढे काय होतं? आता भीतीपेक्षा ते जाणून घ्यायची ओढ मोठी झाली होती. मी विचारलं.

"तुम्हाले नाही सांगितलं त्यायनं?" ती चालता चालताच म्हणाली. "त्या गुरुवारी बाबा वरच्या खिडकीत उभे होते. तुम्ही टपरीवर चहा पिताना दिसले त्यायले. मग तुमची स्कूटर वळताना दिसली."

पायांनी सवयीप्रमाणे वेग घेतला. तो मला जाणवला, आणि मी तो आवरला.

"आईले ग्लानी होती. जाग आल्यावर बाबांनी तिले सांगितलं, तो येऊन गेला, तू झोपली होती. आई म्हणे, मले उठवलं काहून नाही? दोनतीनदा म्हणे तेच. पण रागावली नाही. तुम्ही आले होते म्हणून खूश होती. एवढंच सांगायचं होतं बाबांना. मी म्हटलं, मग सांगून टाका ना. तर हसायचे. म्हणे, तुझ्या मामाले शुगर नाही पळवत वं, मी पळवतो. दमला की थांबेल, तेव्हा सांगू."

ते खाली थांबले होते, आणि मी दर वेळी वर पळत होतो…

चढाचा फाटा आला. डावीकडे वर जाणारा रस्ता, सरळ गेलं तर सपाट. मनीषानं माझ्याकडे पाहिलं. "मामा, एक विचारू? त्या दिवशी दवाखान्यात वर काहून नाही आले तुम्ही?"

मी सरळ रस्ता धरला. भाऊजींची ती ओळ, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, स्वतः म्हणून पाहिली. ती मध्येच तुटली, जिथे तुटायला हवी होती तिथेच. म्हणजे बोलण्यापुरता श्वास होता.

"त्याच्या आधी आलो होतो ना, तेव्हा तुझ्या आईनं मले एक विचारलं होतं," मी म्हणालो, आणि सांगू लागलो.