शिवणबाईंची बादली

ही बाई माझ्या मुलीकडून नेमकं काय काढून घेणार आहे, हा किडा डोक्यातून जात नाही. घर झोपलंय, मी लिहीत बसले आहे.

गल्लीच्या टोकाला लाँड्रीशेजारी तिचं दुकान. पँट आखूड करणं, चेन बदलणं. गळ्यात टेप, दातांत दोरा, जिभेला हाड नाही. सगळे तिला शिवणबाई म्हणतात. तरुणपणी ती दोनदा मनोरुग्णांच्या वॉर्डात राहून आली, आणि हे ती गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगते. हल्ली नर्सिंग कॉलेजवाले तिला शिकवायला बोलावतात. ज्यांनी भोगलं त्यांनीच शिकवावं, असं त्यांचं म्हणणं. माझी मुलगी गेल्या वर्षी त्याच वॉर्डातून घरी आली. आता ती हिच्या दुकानात बटणं लावत बसते, हाताशी उघडी कात्री.

परवा ती बुटांच्या नाड्यांशिवाय घरी आली. वॉर्डात काढून घेतलेल्या त्या नाड्या महिन्याभरापूर्वीच मी तिला परत दिल्या होत्या.

"नाड्या कुठायत?"

"शिवणबाईंना दिल्या, वर्गात दाखवायला. गुरुवारी मी बोलणार आहे, आई. विद्यार्थ्यांसमोर."

मी तडक दुकान गाठलं. "माझ्या पोरीचा तमाशा मांडायचाय का तुम्हाला?"

"तमाशा असता तर तिकीट लावलं असतं," मशीन न थांबवता ती म्हणाली. "उद्या माझा वर्ग आहे. येऊन बघा, ताई. चहा कॉलेजचा."

गेले. डोळ्यांत तेल घालून मागच्या बाकावर बसले. तिने आल्या आल्या लाल बादली फिरवली. पट्टे, नाड्या, फोन, सगळं आत, वॉर्डात भरती करताना घेतात तसं. पोरं खिदळत होती. बादली कपाटात गेली, कुलूप लागलं, आणि बाई खुशाल चहा प्यायला बसली.

"मावशी, परत कधी मिळणार?" एकाने पँट सावरत विचारलं.

"बघू. मोठ्या डॉक्टरांना विचारावं लागेल."

"पण आम्ही केलंय काय?"

"चिडलास? हेही लिहून ठेवते हं."

हसू आटलं. एक मुलगी रडवेली झाली, तरी हिने कुलूप काढलं नाही. हिला मजा येत होती, मी स्वतः पाहिलं.

समोर दोन खुर्च्या होत्या, एक रिकामी.

"ती पेशंटच्या घरच्यांची," निघताना शिवणबाई मला म्हणाली. "कुणी बसायलाच येत नाही. त्यांना वाटतं, मी त्यांची उणीदुणी काढीन."

"काढणारच ना?"

"थोडी," म्हणाली आणि हसली.

माझ्या स्वयंपाकघरातही एक कुलूपबंद कपाट आहे. सुऱ्या, कात्र्या, मुलीच्या गोळ्या. किल्ली वर्षभर माझ्या गळ्यात. "कधी उघडणार?" असं मुलगी विचारते तेव्हा मीही "बघू" म्हणते. गुरुवारी ती हेच सांगणार, माझी खात्री आहे. कॉलेजच्या मुख्य बाईंना एक फोन केला तर मुलीचं नाव वगळतील. नंबर आहे माझ्याकडे.

शिवणबाईंवर माझा अजूनही विश्वास नाही. बोलता बोलता पोर कोसळली, तर ही चहाच पीत बसेल. पण किल्ली गळ्यात घालून झोपणं कसं असतं, हे त्या पोरांना कोण सांगणार? शिवणबाई तर नक्कीच नाही.

मुख्य बाईंना नको. सकाळी शिवणबाईंनाच फोन करते: गुरुवारी ती दुसरी खुर्ची माझी. आणि आधी माझ्या मुलीच्या नाड्या परत करा.